स्कोअररची साक्ष

माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली बारा वर्षं बधिर आहेत. सिंगापूरच्या सरकारी पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी कोपरावर टिचक्या मारून पाहिल्या, नस दबली आहे म्हणाल्या, जुनी दुखापत दिसते, काही खेळत होतात का? मी म्हटलं, नाही. भारतातला माणूस कॉलेजात बेसबॉल खेळायचा म्हटलं की समोरच्याला आधी पटवावं लागतं आणि मग समजावावं लागतं. बाहेर रांग होती. त्यापेक्षा नाही म्हणून मोकळं व्हावं.

मी इथल्या जुरोंग आयलंडवर, तेल-रसायनांच्या कारखान्यात, पंप सांभाळतो. सकाळी चोआ चू कांगच्या घराजवळून कंपनीची बस, गेटवर पास, मग संध्याकाळपर्यंत पंप. थरथर मोजायला चांगलं यंत्र दिलंय, तरी मी आधी पंपाच्या अंगावर हात ठेवून बघतो. उजवा. डाव्याच्या त्या दोन बोटांना चालू पंप आणि बंद पंप सारखाच. खरं सांगायचं तर उरलेल्या मलाही बऱ्याच गोष्टी तशाच वाटतात. बढती मिळाली, पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाला, फ्लॅट घेतला. दर वेळी अंजली, माझी बायको, माझ्या तोंडाकडे बघून म्हणायची, "अहो, जरा तरी खूश व्हा." मी म्हणायचो, आहे की खूश. दोघांनाही तेवढ्यावर भागवायची सवय झाली आहे.

माझ्या आयुष्यात मी पूर्ण जागा असलेला असा एकच दिवस आहे. एकवीस वर्षांपूर्वीची जानेवारी, पंजाबातलं एक मैदान, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ बेसबॉलची फायनल. नऊच्या नऊ इनिंग मी पिचिंग केलं, म्हणजे समोरच्या बॅटवाल्याला चेंडू फेकला. चौदा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे बॅटला चेंडू नीट लागूच न देता बाद केलं, आणि समोरच्या टीमला एकही हिट मिळू दिली नाही. धुकं इतकं होतं की आउटफिल्डमधली आपली पोरं मला दिसत नव्हती, आणि त्यांची गरजही पडली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. चेंडू सुटायच्या क्षणी डावा हात वर, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, ग्लोव्हचा हात काखेत खुपसलेला.

फोटोखाली नाव होतं प्रबोध गणपत तायडे.

माझं नाव धम्मदीप वानखडे. तर झालं होतं असं की त्या वर्षी मला वाय.डी. लागला होता. म्हणजे इतके विषय राहिले की पुढच्या वर्षाला प्रवेश नाही, वर्षभर घरी बसा. विषय राहिले ते मॅचेस खेळण्यापायी, पण नियमाला त्याचं काय. जो त्या वर्षी विद्यार्थी नाही, तो विद्यापीठाकडून खेळू शकत नाही. आमचे शारीरिक शिक्षणाचे हेमचंद्र सर नियमाने चालणारे होते, आणि त्यांच्या टीममध्ये दुसरा पिचर नव्हता. त्यांनी आम्हा दोघांना खोलीवर बोलावलं. प्रबोध राखीव खेळाडू होता. दोघं सावळे, दोघं हडकुळे, पासपोर्ट साइज फोटोत कोण बघतो. माझ्या जागी प्रबोध आणि प्रबोधच्या जागी मी, असं ठरलं. मी प्रबोध तायडे म्हणून खेळलो. प्रबोध धम्मदीप वानखडे म्हणून टीमसोबत आला आणि कडेला बसून स्कोअरबुक लिहिलं. स्कोअररला कोणी विद्यार्थी आहेस का विचारत नाही. सोळाच्या सोळा पोरांना हे माहीत होतं आणि एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर मुळीच नाही. मला फक्त खेळायचं होतं.

महागात पडलं ते नंतर. महिन्याभराने भारतीय संघाच्या सराव शिबिराचं पत्र आलं, अर्थात प्रबोधच्या नावाने. तो ते घेऊन सायकलवर माझ्याकडे आला. आम्ही दोघं पत्राकडे बघत बसलो. तो गेला असता तर पहिल्याच दिवशी उघडा पडला असता, आणि मला बोलावलंच नव्हतं. शेवटी त्याने गुडघा दुखावल्याचं सर्टिफिकेट पाठवलं. पुढच्या वर्षी मी माझ्या नावाने उतरलो. आता दाखवतोच म्हणून सराव सामन्यात अंगातली सगळी ताकद लावून फेकत सुटलो, आणि तिसऱ्या इनिंगमध्ये कोपरात टच्च असा आवाज आला. तो आवाज कॅचरलासुद्धा ऐकू गेला होता. तिथे माझं बेसबॉल संपलं. मग डिग्री, गुजरातेत नोकरी, मग सिंगापूर.

पेपरातल्या कात्रणातला फोटो मी ठेवला. खालचं नाव मात्र ब्लेडने कापून टाकलं.

पाच-सहा वर्षांनी प्रबोधचे वडील गेले. त्याच्या आईने, कमलाबाईंनी, मला त्या वाय.डी.च्या वर्षात रोज दुपारी जेवायला घातलं होतं, कारण घरी वडील माझ्याशी बोलत नव्हते. प्रबोधने फोन करून विचारलं, सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून जागा निघाली आहे, ते सर्टिफिकेट लावू का? मी म्हटलं, लाव. माझ्या काय कामाचं आहे ते? असं मी म्हटलं, आणि त्या वेळी मला ते खरंही वाटलं.

या जूनमध्ये त्याचा फोन आला.

"जय भीम, दीप्या. जेवला का?"

"जय भीम. बोल."

"अबे, भानगड झाली. कोणीतरी तक्रार केली माझ्यावर. सर्टिफिकेटची पडताळणी लावली." त्याचा आवाज सपाट होता. घाबरून घाबरून माणूस थकतो तसा. "त्यांच्यापाशी तो पेपर आहे. फोटोतला पोरगा डावखुरा आहे म्हणतात, अन् तायडे तर उजव्या हातानं सही करते."

"मग?"

"स्कोअरबुक सापडलं त्यांना. खाली सही आहे, डी. वानखडे. हेमचंद्र सर तर वारले. म्हणतात स्कोअररनं प्रत्येक बॉल पाहिला असंन, त्याले विचारू. मंगळवारी तुले व्हिडिओवर घेणार आहेत. नोकरी जाईन ते जाईन, केस बी करतीन. आईले अजून सांगितलं नाही मी. तू खरं सांगतो म्हटलं तर मी काही म्हणणार नाही. खेळला तर तूच होता."

हे शेवटचं वाक्य त्याने म्हणायला नको होतं. एकवीस वर्षांत कोणी ते माझ्यासमोर मोठ्याने म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, बघू, आणि फोन ठेवला. मग पंपाच्या रिपोर्टचं उरलेलं काम पूर्ण केलं. त्यात एकही चूक झाली नाही, याचं मला नंतर जरा नवल वाटलं.

आता दर्शीचं सांगायला हवं. दर्शी म्हणजे प्रियदर्शिनी, आमची मुलगी, वय चौदा. शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये सेंटर फील्डला खेळते. डावखुरी आहे आणि तिला त्याबद्दल कोणी कधी हटकलं नाही. मला हटकलं होतं. मी चौथीत जाईपर्यंत वडील जेवताना आणि अभ्यासाला बसताना आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन माझा डावा हात खाटेच्या पायाला बांधायचे. शाळेत गुरुजी बोटांच्या पेरांवर पट्टी मारायचे. म्हणून मी जेवतो उजव्याने आणि लिहितोही उजव्याने. चिंचा पाडायला दगड कोणत्या हाताने मारतो ते मात्र कोणी बघत नव्हतं, तेवढा डावा राहिला. हे दर्शीला लहानपणापासून पाठ आहे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, ती डाव्या हाताने चॉपस्टिक्स धरते तेव्हा मला चिडवते, "पा, बांधून ठेव ना मला, टेबलाला बांध."

फेकायला तिला मीच शिकवलं, सात वर्षांची असताना, ब्लॉकमागच्या गवतावर टेनिसच्या बॉलने. आणि ते कात्रण तिला कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये मागच्या वर्षी सापडलं. "दिस इज यू?" मी हो म्हटलं. तिने त्याची प्रत काढली, लॅमिनेट केली आणि किटबॅगेला लटकवली. टीममधल्या मुली म्हणाल्या, इंडियात कुठे बेसबॉल असतं, तुझा बाबा थापा मारतो. ती त्यांच्याशी भांडली. कोचला नेऊन दाखवलं. मला त्याचं काय वाटलं होतं? बरं वाटलं होतं. साधं, दुपारी झोप लागून उठल्यावर वाटतं तितकं बरं. माझ्यासाठी ते खूप होतं.

मंगळवारी मी रजा टाकली. अंजलीला विचारलं तर ती म्हणाली, "कमलाबाईंचा विचार करा," आणि स्वतःच्या ऑफिसच्या कॉलसाठी बेडरूममध्ये जाऊन बसली. तिला नावांच्या अदलाबदलीचं लग्नाआधीपासून ठाऊक आहे. दर्शीला नव्हतं. शाळेला जूनची सुट्टी होती. ती हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाशी कानात इयरफोन घालून हिंदीचा गृहपाठ करत होती. वायफाय हॉलमध्येच नीट चालतं. मी सोफ्यावर बसलो. दुपारचे दोन, तिकडचे साडेअकरा.

स्क्रीनवर पडताळणी अधिकारी बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, समोर चहा. मला वाटलं होतं कोणीतरी दरडावणारा असेल. बाई फार सभ्य होत्या.

"वानखडे सर, कामाच्या दिवशी त्रास देते आहे. हे तायडे, ओळखता ना?"

त्यांनी कॅमेरा वळवला. भिंतीशी खुर्चीवर प्रबोध बसला होता. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, दोन्ही हात मांडीवर. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"ओळखतो. कॉलेजपासून."

बाईंनी स्कोअरबुकचं पान दाखवलं. "हे अक्षर आणि ही सही तुमची?"

प्रबोधचं अक्षर. बारीक, उजवीकडे कललेलं. चौदा स्ट्राइकआउटच्या चौदा खुणा त्याने एकसारख्या काढल्या होत्या. शेवटच्या खुणेभोवती मात्र गोल केला होता. मी हे पान त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. मला खेळायची घाई होती, त्याला लिहायचं होतं, आणि हा पठ्ठ्या कडेला बसून माझ्या नावाने माझ्यासाठी गोल काढत होता.

"माझी," मी म्हटलं.

"आणि पिचिंग कोणी केलं?"

"प्रबोध तायडेने."

"पूर्ण नऊ इनिंग?"

"पूर्ण नऊ."

बाईंनी कात्रण वर धरलं. नावासकट. "अडचण इथे आहे सर. हा खेळाडू डावखुरा आहे. तायडे उजव्या हाताने सही करतात. चार दिवस आम्ही कँटीनमध्येही बघितलं, जेवतातही उजव्याने. मी खेळातली नाही, पण हे मला जुळत नाही. तुम्ही त्यांना जवळून पाहिलंय, म्हणून विचारते."

नुसतं 'तो डावखुराच आहे' एवढं म्हणून भागलं असतं का, मी सांगू शकत नाही. बहुधा नसतं. बाई वाट बघत होत्या. प्रबोध मांडीवरच्या हातांकडे बघत होता. मी बोलायला लागलो आणि बोलतच गेलो.

"मॅडम, आमच्या वस्तीत डावरं पोर म्हणजे घरच्यांना लाज वाटायची. त्याचे वडील जेवताना त्याचा डावा हात खाटेच्या पायाला बांधायचे. आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने. चौथीपर्यंत. शाळेत गुरुजी पेरांवर मारायचे. त्यामुळे लिहिणं आणि जेवणं उजव्या हाताला गेलं. चिंचेवर दगड मारताना कोणी बघत नव्हतं, म्हणून फेकायचा हात डावाच राहिला."

बाईंनी चष्मा काढला. "माझ्या भावाला असंच बांधायचे," त्या म्हणाल्या. मग जरा वेळ काही लिहीत राहिल्या. "तायडे, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

प्रबोधने मान वर केली. त्याचे डोळे भरलेले होते. बाईंना ते लहानपणच्या आठवणीने भरलेत असं वाटलं असणार. "लाज वाटते मॅडम," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं.

"आणि तुम्ही, वानखडे सर? तुम्हीही खेळत होतात ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी फक्त स्कोअर लिहायचो."

त्यांनी जबाब वाचून दाखवला, मी मान्य म्हटलं. कॉल संपला. सगळं मिळून बावीस मिनिटं. मला काहीच वाटत नव्हतं. सुटल्यासारखं नाही, हरल्यासारखं नाही. जे बधिरपण दोन बोटांपुरतं होतं ते मानेपर्यंत आलं होतं. मी फोनची वायर गुंडाळत बसलो.

टेबलाशी दर्शीने इयरफोन काढून गृहपाठावर ठेवले होते. कधी काढले होते कोण जाणे.

"पा," ती म्हणाली. "खाटेची गोष्ट तर तुझी आहे."

"हो."

"मग तू त्या अंकलला का दिली?"

मी तिला सगळं सांगितलं. वाय.डी., हेमचंद्र सर, अदलाबदल, पत्र, कोपर. तिला समजेल अशा शब्दांत, निम्मं इंग्रजीत. माझं संपल्यावर म्हणाली, "हे आत्ता सांगतोस. तिकडे गव्हर्नमेंटला सांगितलंस की तू नाही. मला सांगितलंस की तू आहेस. आता कुठलं खरं, हाऊ आय नो?"

"मी आहे तो, दर्शी."

"एनीबडी कॅन से, ला." तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती विचार करून म्हणाली. "नाव पण कापलेलं. मी सगळ्यांशी फाइट केली तुझ्यासाठी."

तिला दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. सर्टिफिकेट प्रबोधचं, पेपर प्रबोधचा, स्कोअरबुक सांगत होतं की मी कडेला बसलो होतो, आणि शेवटचा पुरावा म्हणजे माझं बालपण, तेही मी आत्ताच देऊन बसलो होतो. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी काहीतरी वाटत होतं, आणि ते हे असावं.

"बॉल घे," मी म्हटलं. "खाली चल."

ब्लॉकमागच्या गवतावर ऊन रणरणत होतं. दर्शी किटबॅग आणि स्वतःचा जुना ग्लोव्ह घेऊन आली. तो ग्लोव्ह माझ्या उजव्या हातात पुरता शिरेना, तसाच अडकवला. कागदपत्रांच्या फोल्डरसोबत मी एक बेसबॉलही जपून ठेवला होता, तो घेतला. ती नवा ग्लोव्ह घालून अंतर मोजत मागे गेली आणि उकिडवी बसली. मी डाव्या हातात चेंडू धरला. शिवणीवर बोटं ठेवली, दोन कळली, दोन डोळ्यांनी बघून ठेवली. पाय उचलला आणि फेकला.

चेंडू अर्ध्या वाटेत पडला आणि गवतात थांबला. कोपरातून मानेपर्यंत कळ गेली. मी तो उचलून आणून पुन्हा फेकला, तर डावीकडे झाडात गेला. तिसऱ्यांदा फेकायचं म्हटलं तर हात पुरता वर होईना.

दर्शी चेंडू घ्यायला उठली. मला वाटलं ती तशीच लिफ्टकडे जाईल. ती बॅगेपाशी थांबली, लॅमिनेट केलेला फोटो हातात घेऊन बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"परत कर," ती म्हणाली. "फेकू नको. जस्ट मूव्हमेंट."

मी रिकामा हात फिरवला.

"ग्लोव्ह," ती म्हणाली. "तू ग्लोव्ह काखेत घालतोस."

ती माझी कायमची लकब आहे, हे मला कधी माहीतच नव्हतं. तिचा कोच दोन वर्षं तिच्या मागे लागला होता, ग्लोव्ह छातीशी ठेव, काखेत नाही, कुठून शिकलीस ही घाण सवय. तिला कोणी शिकवली नव्हती. ती सात वर्षांची असताना या गवतावर माझा रिकामा हात काखेत जाताना बघून तिने ती उचलली होती. ती फोटो धरून उभी राहिली. फोटोतल्या पोराचा ग्लोव्ह काखेत होता.

"सो इट्स यू," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे तू चीटिंग केलंस. तेव्हा पण, आणि आज पण."

"हो," मी म्हटलं.

आणि मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली, पण आधी आनंद झाला. त्या चौदा स्ट्राइकआउटबद्दल मला कोणी दोष देत होतं, म्हणजे ते माझे होते. उन्हात उभा राहून मी चौदा वर्षांच्या मुलीसमोर रडलो, आणि ते लपवलं नाही.

तिने बॅगेचा हूक उघडला, फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. "यू कीप," ती म्हणाली. "मी नाही लावू शकत आता." झाडाखालचा चेंडू उचलून ती लिफ्टकडे गेली.

मी मागोमाग निघालो. फोटो डाव्या हातात होता, त्या दोन बोटांमध्ये. धरलेला आहे की पडला, ते त्यांना कळत नाही, म्हणून मी घरी पोचेपर्यंत त्याच्याकडे बघत चाललो.